रामारामाची अकरा झुडपं

मकरंद गानूने आयुष्यभर पाण्याला वाटेला लावण्याचं काम केलं. आधी पुण्यात, मग न्यूझीलंडला आल्यावर ऑकलंडमध्ये. नव्या वसाहती, मॉलची पार्किंगं, शाळांची मैदानं, जिथे म्हणून पावसाचं पाणी साचेल तिथून ते पाइपात घालायचं आणि ओढ्यात नेऊन सोडायचं. कामात तो वाकबगार होता आणि त्याला ते ठाऊकही होतं. त्यामुळे ऑकलंडच्या अल्बनी भागातल्या स्वतःच्याच घरामागचा एक कोपरा बारा महिने ओला असतो, ही गोष्ट त्याला खुपायची.

घर उतारावर होतं. वर रस्ता, मग घर, डेक, खाली हिरवळ, आणि हिरवळीच्या टोकाला, ओढ्याच्या जरा अलीकडे, एका खोलीएवढा तो तुकडा. उन्हाळ्यात तिथे जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून गेलं तर बोटांमधून चिखल वर यायचा. हिवाळ्यात गमबूट रुतायचे. कुणी घर बघायला आलं की मकरंद डेकवरूनच हात करून म्हणायचा, "ते रिटायर झालो की करून टाकतो. एका वीकेंडचं काम आहे."

शेजारी नोलीन राहायची. ऐंशीच्या घरातली, माओरी, मूळची वर उत्तरेकडची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं, एक भाची होती ती गावीच राहायची. मकरंद एकदा त्या कोपऱ्यात टेप घेऊन मोजमाप करत होता, तेव्हा ती कुंपणापाशी आली.

"काय करणारेस तिथे, मॅक?"

"पाइप टाकतो. सुकला की शेड बांधता येईल."

"शेड काय, कुणाकडेही असते," ती म्हणाली. "असा ओलावा ह्या रस्त्यावर दुसऱ्या कुणाकडे उरलाय का बघ."

आणि मग तिने त्याला आपल्या अंगणात बोलावून ते झुडूप दाखवलं. धुण्याच्या जागेमागे, नळाचं पाणी जिरायचं तिथे ते होतं, माणसाच्या दुप्पट उंच. पानं लहान, गोलसर, आणि भाजलेल्या पापडासारखी फोड आलेली. सावलीतली हिरवी, उन्हातली तांबूस. मकरंदने एक पान दोन बोटांत धरून पाहिलं.

"रामारामा," नोलीन म्हणाली.

मकरंदने सवयीने हात जोडले. "राम राम!"

तिला कळेना. मग त्याने समजावून सांगितलं, की आमच्याकडे माणसं भेटली की असं म्हणतात. नोलीन इतकी हसली की तिला नळाचा आधार घ्यावा लागला. त्या दिवसापासून कुंपणापलीकडून मकरंद दिसला की ती 'किया ओरा' हा माओरी नमस्कार सोडून 'रामारामा' म्हणायची.

ते झुडूप तिच्या आईने आणलेलं. साठ-पासष्ट वर्षांपूर्वी हे कुटुंब कामासाठी शहरात आलं, तेव्हा गावच्या ओढ्याकाठचं एक रोप ओल्या गोणपाटात गुंडाळून आईने मांडीवर धरून आणलं होतं. "त्या ओढ्यावर आता एकही नाही," नोलीनने सांगितलं. का नाही, ते तिने सांगितलं नाही आणि मकरंदनेही विचारलं नाही.

मकरंद रिटायर झाला त्याच हिवाळ्यात नोलीन पायरीवरून पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. हॉस्पिटलातून ती परत घरी आलीच नाही, थेट वृद्धांच्या रेस्ट होममध्ये गेली. घर विकलं गेलं. तिथे सहा टाउनहाउसेस होणार अशी पाटी लागली. मकरंद तिला भेटायला गेला तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली. "फळं पिकली असतील. काळी झालेली तेवढी काढ. तुझ्या त्या ओल्यात लाव."

"मला बागेतलं काही कळत नाही, नोलीन."

"त्याला काही कळावं लागत नाही. पाय ओले हवेत, डोक्यावर थोडी सावली. बाकीचं ते करतं."

मकरंदने आइस्क्रीमचा डबा भरून फळं काढली. पुढच्याच आठवड्यात मशीन आलं आणि अर्ध्या तासात नोलीनचं अंगण सपाट झालं. मकरंद डेकवर उभा राहून बघत होता. असली कामं त्याने शेकड्याने करून घेतली होती, पण उपटलेलं झुडूप मुळांसकट ट्रकमध्ये पडताना पाहणं त्याला नवीन होतं.

डबा त्याने स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. आशालता कामावरून आली. ती एका क्लिनिकच्या फार्मसीत होती. तिने एक फळ दाबून पाहिलं, वास घेतला. "हे आपल्या जांभळाचंच कुणीतरी लागतंय," ती म्हणाली. तिचं अनुमान बरोबर होतं, ते त्यांना फार नंतर कळलं. तिनेच गर चोळून, गाळणीत धुऊन बिया वेगळ्या केल्या, त्या कागदावर वाळवल्या आणि ट्रेमध्ये पेरल्या. मकरंद नुसता पाणी घालायचा. दीड महिन्यात राईच्या दाण्याएवढे हिरवे ठिपके दिसले. त्यातली काही गोगलगाईंनी खाल्ली, काही आपोआप गेली. अकरा राहिली.

लॉकडाउनचे दिवस त्या अकरांनी काढून दिले असं म्हटलं तरी चालेल. मुलगी मेलबर्नला, तिथे जाता येत नव्हतं. मकरंद सकाळी चहाचा कप घेऊन रोपांपाशी जायचा आणि चहा निवेपर्यंत तिथेच असायचा. दोन हिवाळे कुंडीत काढल्यावर त्याने ती ओल्या कोपऱ्यात लावली. चिकणमातीत खड्डा घेतला की तळाशी पाणी पाझरून यायचं. जन्मभर ज्या पाण्यावर तो चिडला ते पाहून आता त्याला बरं वाटायचं. पाइपाचा विषय त्याने काढला नाही, आणि आशालतानेही, शहाणपणाने, काढला नाही.

दर पंधरा दिवसांनी तो रेस्ट होममध्ये जायचा. नोलीनची नजर मंदावत चालली होती, म्हणून फोटोऐवजी तो एखादं पान न्यायचा. ती अंगठ्याने त्यावरचे फुगे चाचपायची आणि म्हणायची, "हं. आहे."

२०२३च्या डिसेंबरात पहिली फुलं आली. पांढरी, नखाएवढी, मध्ये केसरांचा झुपका. अकरांपैकी सात झुडपं फुलली. मकरंदने एक डहाळी ओल्या टिश्यूत गुंडाळून नेली. नोलीनने ती गालाला लावली. मग म्हणाली, "आईला फुलं आलेली बघायला आवडायचं." त्या दिवशी मकरंद घरी आला तो गाडीत गुणगुणतच.

मार्चमध्ये हिरवी फळं धरली होती. एका सकाळी चहा घेऊन तो खाली गेला, तर कोवळ्या शेंड्यांवर पिवळंधमक काहीतरी सांडल्यासारखं दिसलं. हळद शिंपडावी तसं. बोट लावलं तर बोट पिवळं झालं. पानांवर, देठांवर, आणि हिरव्या फळांवरही. त्याला वाटलं, कुठले तरी परागकण असतील. त्याने आशालताला हाक मारली.

आशालता निफाडकडची. वडील शाळामास्तर, पण घरचा थोडा गहू असायचा. तिने पान उलटं केलं आणि तिचा चेहराच उतरला.

"अहो, हा तांबेरा आहे."

"म्हणजे?"

"आमच्याकडे गव्हावर पडायचा. एकदा पडला की..."

त्यांचे मित्र रानडे यांची मुलगी ओवी वनस्पतींच्या रोगांवर काम करायची. तिशीची, इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळायचं पण उत्तर इंग्रजीतून. शनिवारी ती आली, कपड्यांवरून पांढरा डिस्पोजेबल कोट घातला, हातमोजे घातले, आणि एकेक झुडूप बघत गेली. अकराव्यापाशी ती उठून उभी राहिली.

"काका, इट्स मर्टल रस्ट. ऑल ऑफ देम. आय'म सो सॉरी."

"कुठून आला?"

"वाऱ्याने. तो इथे येऊन सात वर्षं झाली. एव्हरीवेअर आहे आता. रामारामा इज द वर्स्ट हिट. जंगलातली मोठीमोठी झाडं गेली."

"औषध?"

"फवारू शकता. पण प्रत्येक नव्या पालवीवर तो परत बसणार. तुम्ही किती वर्षं फवारणार?" मग तिला काकांच्या चेहऱ्याकडे बघवेना, म्हणून ती घाईने म्हणाली, "एक करता येईल. जर का क्लीन, पिकलेली फळं मिळाली, तर सीड बँक विल टेक देम. बी फ्रीज करून ठेवतात. फॉर समडे."

त्या एका वाक्यावर मकरंद उभा राहिला. झुडपं जगोत न जगोत, मूठभर पिकलेली फळं हवीत. त्या वर्षीची तर हातची गेलीच. पिवळी पडून, सुरकुतून, पिकण्याआधीच गळाली. हिवाळ्यात रोग दबला आणि मकरंदची उमेद वाढली. सप्टेंबरपासून त्याने फवारणी सुरू केली. आशालता फार्मसीतल्यासारखं सिरिंजने औषध मोजून द्यायची, मकरंद मास्क आणि गॉगल लावून फवारायचा. त्याने बारीक जाळीच्या पिशव्या शिवून घेऊन फांद्यांवर चढवल्या. दर सोमवारी, दर गुरुवारी तो भिंग घेऊन एकेक शेंडा तपासायचा.

नोव्हेंबरात कळ्या आल्या आणि त्यांच्याबरोबर तांबेरा आला. पिशव्यांच्या आतही.

दोन झुडपं ख्रिसमसच्या आतच गेली. खालपासून वरपर्यंत नुसत्या करड्या काड्या. मकरंदची झोप उडाली. ओवीने सांगितलेलं एक त्याच्या डोक्यात घोळत होतं. बुरशीला रुजायला ओल लागते, पान काही तास ओलं राहिलं की ती शिरते. ओल! मग त्याच्या मनाने तेच केलं, जे ते चाळीस वर्षं करत आलं होतं.

"खालचं पाणी काढून टाकतो," तो जेवताना म्हणाला. "कोपरा सुकला की तिथली हवा सुकेल. दव कमी पडेल."

"ओवीला विचारलंत?"

"विचारलं. ती म्हणते, जमिनीच्या ओलीचा फारसा संबंध नाही. पाऊस आणि दव वरून येतं."

"मग?"

"ओवी झाडांचं शिकली आहे, आशा. पाण्याचं मला विचार."

"अहो, पण नोलीन म्हणाली होती ना, पाय ओले हवेत?"

"सगळं नाही सुकवणार. अर्धंच. आणि नुसतं बसून बघत राहू का?"

आशालतालाही नुसतं बसून बघवत नव्हतं.

डिसेंबरच्या अखेरीस त्याने स्वतः चर खणला. सहासष्ट वर्षांचा माणूस, चार दिवस, फावड्याने. मुळं तुटू नयेत म्हणून झुडपांपासून दोन हात दूर. तळाशी खडी, खडीवर भोकांचा काळा पाइप, वर पुन्हा खडी, उतार अगदी मोजूनमापून. पाइपाचं तोंड ओढ्याच्या काठावर काढलं. पाचव्या दिवशी सकाळी तिथून पाण्याची करंगळीएवढी धार लागली होती. इतकं बिनचूक काम त्याने नोकरीतही क्वचित केलं असेल. त्याने आशालताला खाली बोलावून ती धार दाखवली.

जानेवारी कोरडा गेला. पाऊस नाही म्हणजे पानं कोरडी. तांबेरा खरोखरच जरा थांबल्यासारखा वाटला. उरलेल्या नऊपैकी तीन झुडपांवर हिरवी फळं धरली, स्वच्छ. मकरंदने ती मोजली, छत्तीस होती. त्याने ओवीला फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "ओ वाव, काका. फिंगर्स क्रॉस्ड." त्या पंधरवड्यात तो नोलीनकडे गेला तेव्हा त्याने तिला सांगितलं की बी मिळणार. रोगाचं तिला आधीच माहीत होतं, त्याने तिच्यापासून काही लपवलं नव्हतं. फक्त पाइपाचं बोलला नव्हता.

फेब्रुवारीही कोरडा गेला. उत्तरेकडे दुष्काळ जाहीर होणार अशा बातम्या येऊ लागल्या. पानं मलूल दिसली, पण मकरंदला वाटलं, रोगाने थकलीत. आशालता म्हणाली, "पाणी घालू का?" तो म्हणाला, "नको, ओल नको." दोनदा तिने विचारलं आणि दोन्ही वेळा तो नको म्हणाला. ज्या मातीत पावलं रुतायची तिला भेगा पडल्या. आधी केसाएवढ्या, मग बोट जाईल एवढ्या. सतत ओल्यात वाढलेल्या ह्या झुडपांची मुळं वरच्यावरच पसरलेली होती, खोल जायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती. त्यांना आता खालचं पाणी नव्हतं आणि वरचंही.

एका दुपारी मकरंदने जाळीची पिशवी उघडली, तर फळं वाटाण्यासारखी वाळून तळाशी पडलेली. पानं मुठीत धरली तर चुरा झाला. तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले. तो धावत जाऊन होज घेऊन आला आणि नळ पूर्ण सोडला. पाणी भेगांमधून भसाभसा आत जात होतं. तो बघत राहिला, आता भरेल, आता वर येईल. मातीवर थेंबही साचेना. आणि मग त्याला खालून, ओढ्याच्या बाजूने आवाज ऐकू आला. पाइपाच्या तोंडातून पाणी धो धो बाहेर पडत होतं. जेवढं तो वरून घालत होता तेवढं सगळं, थेट. त्याचा पाइप उत्तम काम करत होता.

त्याने फडकी, प्लास्टिक, हाताला लागेल ते पाइपाच्या तोंडात कोंबलं. आठ दिवस तो सकाळ-संध्याकाळ पाणी घालत राहिला. माती ओली झाली. झुडपं तशीच राहिली. आशालताने नखाने एकेकाची साल खरवडून पाहिली. हिरवं कुठेच नव्हतं. शेवटच्यापाशी ती बसली आणि म्हणाली, "पुरे आता, अहो." त्याने नळ बंद केला.

ती काढायची तर नियमाप्रमाणे काळ्या पिशव्यांत बंद करून काढायची होती, कंपोस्टात नाही, जाळायची नाही. मकरंदने ती करवतीने कापली. मनगटाएवढंसुद्धा खोड कशाचं नव्हतं. सगळं मिळून तासाभराचं काम. आशालता पिशवीचं तोंड धरून उभी होती.

नोलीनकडे जायला त्याने महिना लावला. सर्दीचं कारण सांगितलं, मग गाडीचं. शेवटी गेला. ती खिडकीजवळच्या खुर्चीत होती. पान मागायला तिने हात पुढे केला आणि त्याने तो नुसता आपल्या हातात घेतला.

"गेली सगळी," तो म्हणाला. "आणि रोगाने नाही, नोलीन. म्हणजे काही रोगाने. बाकीची मी मारली." त्याने पाइपाचं सगळं सांगितलं, ओवी नको म्हणाली होती तेही, आशाने दोनदा विचारलं तेही.

"माझ्या बापानेही हेच केलं," नोलीन म्हणाली. "गावच्या ओढ्यावर चर खणले. दलदल सुकवली, गाई आणल्या. तो म्हणायचा, आता ह्यात काहीतरी येईल." तिने आपला हात सोडवून घेतला. रागाने नाही. मांडीवरची शाल नीट करायची होती. "बी?"

"नाही."

"एकही?"

"एकही नाही."

"बरं," ती म्हणाली. थोड्या वेळाने चहा आला. तिने त्याच्या कपात साखर घालायला नर्सला सांगितलं, कारण तो दोन चमचे घेतो हे तिच्या लक्षात होतं. ते त्याला सगळ्यात जास्त लागलं.

मे महिन्यात नोलीन झोपेतच गेली. तिला गावी नेलं. मकरंद आणि आशालता रेस्ट होममध्येच दर्शन घेऊन आले, एवढ्या लांब जायची मकरंदची हिंमत झाली नाही.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, एका रविवारी, दारात एक यूट, म्हणजे छोटा पिकअप ट्रक, येऊन थांबली, मागे ट्रेलर. पन्नाशीची एक बाई उतरली. पायात गमबूट, हातात कुदळ. ट्रेलरमध्ये चार मोठ्या कुंड्या आणि ओली गोणपाटं होती.

"किया ओरा. मॅक ना? मी माराया, नोलीनची भाची. पहाटेच निघाले, गर्दी नको म्हणून." ती हसली. "आन्टीने सांगून ठेवलं होतं, तिच्या डोक्याशी आजीचं झुडूप लावायचं. तुमच्याकडे अकरा आहेत म्हणाली. चार दिलीत तरी हीप्स, पुष्कळ होतील."

मकरंद दारातच उभा राहिला. नोलीनने भाचीला हे कधी सांगितलं होतं कोण जाणे. बहुधा फुलं आली तेव्हा. आणि नंतरचं तिने सांगितलं नव्हतं. विसरली असेल, किंवा ते सांगणं तिने त्याच्यावर सोडलं असेल. हे आता त्याला कधीच कळणार नव्हतं.

"या," तो म्हणाला. डेकवरून, हिरवळीवरून तो तिला खाली घेऊन गेला. कोपऱ्यात गवत उगवलं होतं. पाऊस सुरू झाल्यापासून जमीन पुन्हा ओली झाली होती. मारायाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि मग त्याच्याकडे.

त्याने सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना ते फार थोड्या शब्दांत बसलं.

माराया कुदळीवर दोन्ही हात ठेवून ऐकत होती. ती ओरडली असती तर मकरंदला बरं वाटलं असतं. "ओके," ती म्हणाली. मग पुन्हा, "ओके." तिने बुटाच्या टोकाने गवत जरा बाजूला केलं, खाली नुसता चिखल होता. "तुम्ही प्रयत्न केलात. थँक यू."

आशालताने तिला आग्रहाने चहाला बसवलं, पोहे दिले. तिने ते आवडीने खाल्ले, कढीपत्ता कुठून मिळतो ते विचारलं, मुलांचे फोटो दाखवले. पोहे खाताना ती दोनदा खिडकीतून खाली बघताना मकरंदने पाहिली. मग ती उठली. पोचायला चार तास लागणार होते आणि तिला अंधाराआधी पोचायचं होतं.

मकरंद ट्रेलरची दोरी बांधायला गेला. रिकाम्या कुंड्या वाटेत आपटू नयेत म्हणून त्याने त्या एकात एक घातल्या, गोणपाटं त्यांच्याभोवती गच्च खोचली. यूट वळण घेऊन दिसेनाशी झाली तरी तो रस्त्यावरच उभा होता. आशालताने आतून एकदा हाक मारली, मग मारली नाही.